खुर्चीतली पांढरी पूड

गटाच्या पैशातून प्लास्टिकच्या खुर्च्या घ्यायच्या आणि लग्नकार्याला, सप्त्याला भाड्याने द्यायच्या, असं ठरलं की दुकानात पहिली गोष्ट निघते ती दराची. दोन खुर्च्या दिसायला सारख्या, पण एक स्वस्त. का? पुष्कळदा कारण असतं दगडाची पूड. प्लास्टिक वितळवताना त्यात चुनखडीची बारीक पूड मिसळतात. कारखान्यात तिला फिलर म्हणतात.

पूड घातली म्हणजे भेसळ झाली, असं आम्ही म्हणणार नाही. बेताची पूड खुर्चीला ताठपणा देते. साच्यात थंड होताना खुर्ची कमी आकसते, वाकडी होत नाही. किती घातली, कोणती घातली आणि कशी मिसळली, हे पाहायचं.

अंगणाचंच बघा ना. सड्याला शेणकाला पातळ लागतो, सारवायला घट्ट. पाणी तेच, पण कणांची गर्दी वाढली की वाहणं कमी होतं. सारवणाचा गोळा जमिनीवर ठेवला तर जागचा हलत नाही, हात फिरवला की पसरतो. वितळलेलं प्लास्टिकही असंच वागतं. ते मुळातच काकवीहून घट्ट. पूड फार झाली तर जोराने ढकलल्याशिवाय हलत नाही, आणि ढकललं की पातळ झाल्यासारखं धावतं.

याचा हिशेब आइन्स्टाइन या शास्त्रज्ञाने १९०६ साली मांडला आणि १९११ साली दुरुस्त केला. द्रवात गोल कण अगदी थोडे असतील, तर आकारमानाने शंभरात एक भाग कण घातल्यावर घट्टपणा अडीच टक्क्यांनी वाढतो. पण हे कण विरळ असताना. एरवी तुळजापुरात चालायला अडचण नसते. नवरात्रात मात्र चार माणसं वाढली तरी पाऊल उचलत नाही. पुडीचंही तसंच. गर्दी झाली की घट्टपणा भराभर चढतो.

पूड जितकी बारीक, तितका घट्टपणा जास्त आणि गाठीही जास्त. पिठलं करताना बेसन एकदम टाकलं की गाठी होतात, आणि गाठ फोडली तर आत कोरडं पीठ निघतं. खुर्चीत अशी गाठ राहिली तर तडा बहुधा तिथूनच जातो. म्हणून चांगल्या कारखान्यात चुनखडीला आधी स्टिअरिक आम्ल चोळलेलं असतं, पिठाला मोहन घालावं तसं. मग कण सुटे राहतात आणि प्लास्टिक सहज वाहतं.

या वाहण्याला इतकं महत्त्व का? खुर्ची उलटी करून बघा. खाली किंवा पाठीमागे एखादा छोटा गोल ठिपका दिसेल. तिथून गरम प्लास्टिक दाबाने साच्यात शिरतं आणि पायांच्या टोकांपर्यंत पळतं. वाटेत जाळीदार नक्षी असली की प्रवाह फुटतो आणि पुढे पुन्हा जुळतो. प्लास्टिक फार घट्ट असेल तर टोकं नीट भरत नाहीत आणि जुळलेला सांधा कच्चा राहतो. भारी माणूस मागे रेलला की खुर्ची बहुधा अशाच जागी मोडते. भाडं बुडतं ते वेगळंच, कंबर मोडली तर काय?

ठिबकच्या काळ्या नळीतही पूड असते, पण ती काजळीची. शंभरात दोन ते तीन भागच. ती उन्हापासून नळी वाचवते, म्हणून ती हवीच. त्या काजळीच्याही गाठी चालत नाहीत.

आता एक घरगुती परीक्षा. मोडक्या खुर्चीचा तुकडा साबणाच्या पाण्यात बुडवून, बुडबुडे झटकून सोडा. खुर्चीचं नुसतं प्लास्टिक, म्हणजे पॉलीप्रोपिलीन, पाण्यापेक्षा हलकं, ते तरंगतं. चुनखडी पाण्याच्या पावणेतीन पट जड. वजनाने शंभरात साधारण पंधरा भागांच्या पुढे पूड गेली की तुकडा बुडतो. बुडाला म्हणजे फसवणूकच झाली असं नाही, पण दुकानदाराला दर कमी करायला सांगायला हरकत नाही. ठिबकच्या नळीचा तुकडाही तरंगायला हवा. घेताना नळीवर आयएसआयचा शिक्का बघा. पीव्हीसीच्या पाइपला मात्र ही परीक्षा लावू नका. तो पूड नसली तरी बुडतोच.