समीकरण जुळलं, पुढे?



माझं काम सॉफ्टवेअरचं, पण आज बोलणार आहे रसायनशास्त्राबद्दल. काळजी करू नका, फळ्यावर कोणालाही बोलावणार नाही!

समीकरण संतुलित करायला आपण इथेच शिकलो. दोन्हीकडचे अणू जुळले की गुण मिळायचे. पण अणू तेच, जोडणीचा क्रमही तोच, तरी पदार्थ दोन, असं होऊ शकतं. डावा आणि उजवा हात जसे एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात, तसे काही रेणू असतात. बाळंतशेपा आणि पुदिना हुंगून पाहा. कार्व्होन दोन्हींत असतं, पण एकाची घडण दुसऱ्याच्या उलट. म्हणून वास वेगळा. औषधाच्या दुकानात सेटिरिझिन १० मिलिग्रॅमचं मिळतं, लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅमचं. पहिल्यात दोन्ही घडणी निम्म्या-निम्म्या, दुसऱ्यात फक्त मुख्य काम करणारी.

आता एकाच भांड्यात तीन द्रव्यं घ्या: कीटोन, अल्डिहाइड आणि अमाइन. तिन्ही जोडून एक रेणू होतो. ही मानिश अभिक्रिया. मधला पदार्थ वेगळा काढून शुद्ध करावा लागत नाही. श्रम आणि द्रावक वाचतात. पण दिशा दाखवणारं कोणी नसेल, तर दोन्ही घडणी सारख्याच प्रमाणात तयार होतात. हवी असते एक. मग निम्मा माल वाया.

२००० साली बेंजामिन लिस्ट यांनी या भांड्यात थोडं प्रोलीन घातलं. हे आपल्या शरीरातल्या प्रथिनांत असणारं साधं अमिनो आम्ल, स्वतः एकाच घडणीचं. ते कीटोनला तात्पुरतं जोडलं जातं, बाकीच्यांना एकाच बाजूने जुळायला लावतं आणि काम झालं की सुटून पुढच्या रेणूकडे जातं. हवी ती घडण मोठ्या प्रमाणात मिळते, तीही महागड्या धातूशिवाय. अशा लहान सेंद्रिय उत्प्रेरकांवरच्या कामासाठी लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना २०२१चं नोबेल मिळालं.

आपल्यातले काही जण आज शिक्षक आहेत. त्यांना एक विनंती. मातीचा गोळा, चार काड्या, टोकांना चार रंग. आणि शेजारी त्याचीच आरशातली जोडी, एवढं मुलांच्या हातून करून घ्या. एकावर एक ठेवून चारही रंग जुळवायला सांगा. जुळणार नाहीत. मग समीकरण सुटल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: अणू जुळले, पण घडण कोणती?