दुसऱ्याच नावाने येणारा आजार

दवाखान्याला दोन दिवस कुलूप लावून इथवर आलेले मित्रहो,

अध्यक्षपदाचा मान दिलात, आभारी आहे. असं कुलूप लावलं की पेशंट कुठे जातात आणि सोमवारी काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको. म्हणून आभार लांबवत नाही. विषयाची मोकळीक होती, मी स्मृतिभ्रंश निवडला. हा मेंदूविकारतज्ज्ञांचा प्रांत, आपण फक्त चिठ्ठी लिहून पाठवायचं, अशी आपल्यातल्या बऱ्याच जणांची समजूत आहे. मला आज त्या समजुतीशी भांडायचं आहे.

गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी केलेला एक अभ्यास 2001 साली प्रसिद्ध झाला. म्हातारपणातल्या मानसिक आजारांबद्दल त्यांनी वेगवेगळ्या गटांना बसवून बोलतं केलं. स्मृतिभ्रंशाचं वर्णन लोकांनी चटकन ओळखलं, पण हा आजार आहे असं काही त्यांना वाटत नव्हतं. वय झालं, एवढंच. गावात फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्त्यांना असे वृद्ध नेहमी भेटत. प्राथमिक सेवेतल्या डॉक्टरांना मात्र ते क्वचितच दिसत. गाव तेच आणि माणसंही तीच. पडवीत बसलेली आजी कार्यकर्तीला दिसते, टेबलापलीकडे बसली की डॉक्टरला दिसत नाही. आज सिंधुदुर्गापासून गडचिरोलीपर्यंत कुठेही आपण हेच विचारत फिरलो, तर फार वेगळं ऐकायला मिळेल असं मला वाटत नाही.

दिसत नाही, कारण ती दुसऱ्याच नावाने येते. चक्कर येते म्हणून येते. झोप नाही म्हणून येते. इतकी वर्षं ताब्यात असलेली साखर एकाएकी चढली म्हणून येते, आणि आपण गोळी वाढवून देतो. सकाळची गोळी घेतली की नाही हे तिला आठवतच नाही, हे विचारायचं राहून जातं. मग कधी ती विसरते, कधी दोनदा घेते, आणि दोनदा घेतली त्या दिवशी साखर उतरून घाम फुटलेल्या अवस्थेत रिक्षातून आणावी लागते. पुष्कळदा तर ती येतच नाही, सून येते. डोकं दुखतं म्हणते, बीपी वाढलेलं असतं. सासूबाई चोरीचा आळ घेतात, हे ती चौथ्या खेपेला सांगते, तेही तुम्ही पेन खाली ठेवलंत तर.

आकडा सांगते. देशभरातल्या वृद्धांच्या पाहणीवर आधारलेला अंदाज 2023 साली प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्यांपैकी 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे 88 लाख माणसं. बायकांमध्ये प्रमाण जास्त, शहरापेक्षा खेड्यात जास्त. तुमच्याकडे साठीपुढचे 300 पेशंट असतील, तर हिशेबाने वीस-बावीस जण निघायला हवेत. परत गेल्यावर केसपेपर काढून बघा, किती जणांच्या कागदावर तसं लिहिलेलं आहे. मी बघितलं आहे, आणि आकडा इथे सांगणार नाही.

तपासायचं कसं, हा पुढचा प्रश्न. 1975 साली आलेली 30 गुणांची प्रश्नावली आपण सगळे शिकलो. तीत कागदावरचं वाक्य वाचून तसं करायचं असतं, स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहायचं असतं. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला आपण ही प्रश्नावली देणार आणि गुण कमी पडले म्हणून मेंदू कमजोर ठरवणार? मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगडमध्ये नेमकी ही अडचण सोडवली. त्यांनी 1995 साली प्रसिद्ध केलेल्या हिंदी प्रश्नावलीत वाचनाच्या जागी आले ‘माझ्याकडे बघा आणि मी करते तसं करा’ अशा धाटणीचे प्रश्न. आपण त्याच वाटेने जायला हवं. आठवडे बाजार कोणत्या वारी भरतो, पेरणी झाली की व्हायची आहे, मुलीच्या घरी कोणत्या एसटीने जायचं, हे ज्या माणसाला कालपर्यंत तोंडपाठ होतं त्याला तेच विचारावं. आणि घरच्या माणसाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारावा: दोन-चार वर्षांपूर्वी जमत होतं आणि आता जमत नाही, असं काय आहे? आमटीत मीठ दोनदा पडतं, पेन्शनचा हिशेब लागत नाही, ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकतो. मला या उत्तराचा उपयोग स्कॅनच्या रिपोर्टापेक्षा अधिक वेळा झाला आहे.

स्कॅन करू नये असं मी म्हणत नाही. पडल्यानंतर कवटीखाली साचलेलं रक्त, बी-12ची कमतरता, मंदावलेली थायरॉइड, खोल नैराश्य ही उपचार होण्याजोगी कारणं शोधलीच पाहिजेत. पण त्याआधी स्वतःची चिठ्ठी तपासावी. सर्दीसाठी दिलेलं क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन, वर्षानुवर्षं चालू राहिलेलं अल्प्राझोलम, लघवी धरून राहावी म्हणून ऑक्सिब्युटिनिन. यांतली प्रत्येक गोळी म्हाताऱ्या मेंदूला गढूळ करते आणि यांतल्या बहुतेक आपणच लिहिलेल्या असतात. आणि मेंदूचं टॉनिक म्हणून जे काही आपण महिनोन्‌महिने देतो, त्याने एम.आर. खूश होतो, याखेरीज फारसा पुरावा नाही.

आता जरा अवघड जागी येते. मृत्युपत्राला जोडायला डॉक्टरचा दाखला मागतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. वकील मजकूर टाइप करून पाठवतात, मोठा मुलगा पेढ्यांच्या पुड्यासह येतो, आपण बीपी बघतो आणि सदर व्यक्ती मनाने सुदृढ असल्याची सही ठोकतो. रक्तदाबावरून मनाची सुदृढता ठरवण्याची ही पद्धत कोणत्या पुस्तकात आहे, ते मला माहीत नाही. त्या गोव्यातल्या अभ्यासाची आणखी एक नोंद बोचरी आहे. मुलांनी केलेली सेवा पुष्कळदा मालमत्ता मिळण्याच्या अपेक्षेला बांधलेली असते, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपली ती सही निव्वळ कागदोपत्री उपचार उरत नाही. वारसांना बाहेर बसवावं आणि म्हातारबांना विचारावं: तुमच्या नावावर काय काय आहे, तुमच्यामागे कोण कोण आहे, या कागदाने कोणाला काय मिळणार? उत्तरं आली, तर ती तारखेसह त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर उतरवावी. आली नाहीत, तर सही करू नये. पेढे परत करावेत.

निदान लवकर व्हावं, याचं एक अगदी व्यवहारी कारणही इथेच आहे. पुष्कळ कुटुंबं कुलमुखत्यारपत्र करून ठेवतात आणि पुढे बाबांना काही कळेनासं झालं की हे कामाला येईल, असं धरून चालतात. आपल्या करार कायद्याप्रमाणे ते लिहून देणाऱ्याचं मनच शाबूत राहिलं नाही, तर तो अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी. बँकेचं खातं, नामनिर्देशन, मृत्युपत्र, आपल्यामागे आपलं कोणी बघावं ही इच्छा, हे सगळं माणूस स्वतः सांगू शकतो तेव्हाच व्हायला हवं. ती वेळ कोणती, हे घरी जाणारा डॉक्टर सांगू शकतो. मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाकडे ते घर पोचतं, तोवर उशीर झालेला असतो.

औषधांबद्दल थोडक्यात. डोनेपेझिल 1996पासून आहे. काहींना थोडा काळ थोडी मदत करतं, नाडी मंद करतं, बीटाब्लॉकर चालू असेल तर जपावं. 2023 साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबची फार चर्चा झाली. चाचणीत 18 गुणांच्या मापावर 18 महिन्यांनी दोन गटांत फरक पडला 0.45चा. दर पंधरवड्याला शिरेतून औषध, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का ते पाहायला पुन्हा पुन्हा एमआरआय. शास्त्र म्हणून मी त्याला नमस्कार करते. तालुक्याच्या गावी त्याचं काय करायचं, हे मात्र मला कळत नाही.

त्याच्या शेजारी गोव्यातलाच दुसरा प्रयोग ठेवून बघा. अमित डायस आणि सहकाऱ्यांचा, 2008 साली प्रसिद्ध झालेला. तिसवाडी आणि बारदेस तालुक्यांतली 81 कुटुंबं. काही दिवसांचं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्या निम्म्या कुटुंबांच्या घरी सहा महिने, पंधरवड्यातून निदान एकदा, जात होत्या. आजार काय आहे हे सांगायचं, अंघोळीवरून होणारी भांडणं कशी टाळायची ते दाखवायचं, लागेल तिथे मानसोपचारतज्ज्ञाची मदत मिळवून द्यायची, सरकारी योजनांची माहिती द्यायची. सांभाळणाऱ्यांचं मनःस्वास्थ्य लक्षणीय सुधारलं. रुग्णांच्या वागण्यातल्या त्रासात मात्र तितका स्पष्ट फरक दिसला नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो. आजी होती तशीच राहिली, पण तिला सांभाळणारी सावरली. आणि सांभाळणारी सावरली, तर आजी घरात राहते.

म्हणून माझा आग्रह आहे की स्मृतिभ्रंशाच्या प्रत्येक रुग्णामागे दोन केसपेपर काढावेत, दुसरा सांभाळणाऱ्याच्या नावाचा. तिचं बीपी, तिची झोप, तिची कंबर. गेल्या महिन्यात ती स्वतःसाठी घराबाहेर कधी पडली, हे विचारा. बहुतेकदा ‘ती’च असते, म्हणून ‘ती’ म्हणते. पुण्या-मुंबईत आता ब्यूरोची मावशी असते आणि न्यू जर्सीतला मुलगा रोज रात्री व्हिडिओ कॉलवर सूचना देतो. त्याची तगमग खोटी नसते. पण मावशीला कोणी शिकवलेलं नसतं, आणि तिच्या दुखऱ्या पाठीची चौकशी कोणी करत नाही.

वृद्धाश्रमांची गोष्ट याहून रुक्ष आहे. स्वतःचं स्वतः करणारेच घेऊ, ही अट कित्येक ठिकाणी असते. म्हणजे ज्याला आश्रय सर्वांत जास्त हवा, त्यालाच दार बंद. 2007च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढण्याची तरतूद आहे, पण स्मृती गेलेल्यांचं तिथे काय करायचं यावर शब्द नाही. 2016च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत या आजाराचं वेगळं नाव नाही. जिथे आश्रम असे रुग्ण घेतात, तिथे रात्री कोणी फिरू लागलं की हॅलोपेरिडॉल नाहीतर रिस्पेरिडोन सुरू होतं, आणि त्याची चिठ्ठी पुष्कळदा आपलीच असते. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत ही औषधं मृत्यूचा धोका वाढवतात, हा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रिस्पेरिडोनच्या गटाबद्दल 2005 सालीच दिला आणि 2008 साली हॅलोपेरिडॉलच्या गटालाही लावला. रात्री फिरणाऱ्या माणसाचं पोट साफ आहे का, लघवी तुंबली आहे का, कुठे दुखतं आहे का, हे आधी बघावं. मोहन आगाशे यांचा ‘अस्तु’ हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातल्या, हत्तीमागे निघून गेलेल्या स्मृतिभ्रंश झालेल्या शास्त्रीबुवांना कोणी गोळी देऊन झोपवलं असतं, तर सिनेमाच झाला नसता.

आता संशोधन. 1998 साली आपल्या कोचीत एक आंतरराष्ट्रीय गट स्थापन झाला, ‘टेन सिक्स्टी-सिक्स’ नावाचा. स्मृतिभ्रंशाचे 66 टक्के रुग्ण विकसनशील देशांत आणि त्यांच्यावरचं संशोधन 10 टक्क्यांहून कमी, म्हणून ते नाव. लॅन्सेट आयोगाने 2024 साली 14 धोके मोजले, ते टाळले तर जवळजवळ 45 टक्के रुग्ण कमी होतील किंवा पुढे ढकलले जातील असं म्हटलं. रक्तदाब, मधुमेह, बहिरेपण, नजर, एकटेपणा, तंबाखूचा धूर, अपुरं शिक्षण. शाळेत न गेलेल्या पिढीचं शिक्षण आता आपल्या हातात नाही, बाकी बहुतेक गोष्टी आपल्याच टेबलावर येतात. तीस-तीस वर्षं एका माणसाचं बीपी लिहून ठेवलेल्या वह्या आपल्याकडे आहेत. कुठल्याही संस्थेकडे त्या नाहीत.

तेव्हा एक प्रस्ताव. तुमच्या पिशवीत एक पानी छापील तक्ता आहे. वय, शिक्षण, ऐकू किती येतं, स्मरणशक्तीचे प्रश्न, चालू असलेल्या गोळ्या, कोण सांभाळतं आणि त्या व्यक्तीचं बीपी. रुग्णाचं नाव-पत्ता त्यात नको. नैतिक समितीची मान्यता घेतल्याशिवाय आणि घरच्यांची संमती असल्याशिवाय एकही ओळ भरायची नाही. सुरुवातीला दर दवाखान्यातून दहा घरं पुरेत. तक्त्यात उणिवा असणारच, स्मरणशक्तीच्या प्रश्नांची मराठी तर मला स्वतःलाच अजून पसंत नाही. विदर्भातल्या आणि कोकणातल्या मंडळींनी आपापल्या भागातले शब्द सुचवावेत. उद्या सकाळी नऊ वाजता छोट्या सभागृहात यावर बसू. भांडायच्या तयारीने या, आणि येताना आपापल्या गावातली एक तरी आशाताई कोण, तिचा फोन नंबर घेऊन या, कारण पहिली यादी तीच देणार आहे.