हातपंप आणि त्याचे सुटे भाग

ग्रामीण पाणीपुरवठ्याचा विचार करताना विंधन विहिरींची संख्या, त्यांची खोली आणि त्यांवर झालेला खर्च यांची चर्चा नेहमीच होते. त्या विहिरीवरील हातपंप ज्या चामडी वॉशरच्या आधारे पाणी वर आणतो, त्या वॉशरची चर्चा मात्र क्वचितच होते. विहिरीला पाणी आहे, पंपाचा सांगाडा भक्कम उभा आहे आणि तरीही गावातील स्त्रिया डोईवर हंडे घेऊन दूरच्या विहिरीची वाट तुडवीत आहेत, असे दृश्य जेथे दिसते तेथे बहुधा मुठीत मावेल एवढा एखादा भाग वेळेवर मिळालेला नसतो. सुट्या भागांची व्यवस्था हा विषय केवळ भांडारपालाच्या कपाटापुरता आहे, असे म्हणूनच समजता येत नाही.

या प्रश्नाला इतिहास आहे. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धातील दुष्काळानंतर कठीण खडकात यंत्राने विंधन विहिरी घेण्याचे काम देशात वेगाने सुरू झाले. त्यांवर जे ओतीव लोखंडाचे पंप बसविण्यात आले, ते मुळात एखाद्या कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले होते. सबंध गावाचा भार पडताच ते मोडू लागले. त्यातच प्रत्येक कारखान्याचा नमुना निराळा; एका पंपाचा भाग दुसऱ्यास बसत नसे. मराठवाड्यातील जालना आणि त्यानंतर सोलापूर येथे स्वयंसेवी संस्थांमधील कारागिरांनी अधिक टिकाऊ पंप तयार केले. सोलापूरच्या पोलादी पंपाच्या पायावरच पुढे युनिसेफ, केंद्र शासन आणि चेन्नई येथील अभियांत्रिकी संशोधन संस्था यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क दोन’ हा पंप सिद्ध झाला. त्याचे भारतीय मानक, आय.एस. ९३०१, १९७९ साली प्रसिद्ध झाले. या आराखड्यावर कोणाचीही मक्तेदारी ठेवण्यात आली नाही. कोणत्याही कारखान्याने तो बनवावा, मात्र मापे मानकाप्रमाणेच असावीत, हे त्यातील मुख्य सूत्र. नागपूर जिल्ह्यात घेतलेले बेअरिंग नांदेड जिल्ह्यातील पंपाला बसते ते त्यामुळेच. भांडाराची सारी शिस्त या अदलाबदलीच्या सोयीवर उभी आहे.

परंतु ही सोय सरसकट गृहीत धरली की घोटाळा होतो. मार्क दोन पंपात पाणी वर आणणारे नळ ३२ मिलिमीटर व्यासाचे असतात आणि तळाचा सिलेंडर त्यांहून रुंद असतो. साहजिकच पिस्टनवरील वॉशर बदलावयाचे झाले तरी नळांची संपूर्ण रांग वर ओढावी लागते. ही अडचण दूर करण्यासाठी १९८०च्या दशकात कोइमतूर भागात चाचण्या होऊन ‘मार्क तीन’ हा प्रकार विकसित झाला. त्यात नळ ६५ मिलिमीटरचे असल्याने नळ न काढता केवळ दांड्या ओढून पिस्टन वर घेता येतो. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही पंप सारखेच दिसतात. जमिनीखालचे नळ व त्यांचे जोड मात्र निरनिराळे. एकाच फळीवर दोहोंचे भाग ठेवले की चुकीचा भाग गाडीत जातो, आणि चाळीस किलोमीटरवर गेलेले पथक हात हलवीत परत येते. भांडारात पहिली विभागणी पंपाच्या प्रकाराप्रमाणे असावी, ती याच कारणाने. बेअरिंग, साखळी यांसारखे दोन्ही प्रकारांना चालणारे भाग स्वतंत्र ठेवावेत आणि तसे ठळक अक्षरांत लिहावे.

दुसरी विभागणी नावाप्रमाणे करण्याची आपल्याकडे रीत आहे: वॉशर एकीकडे, रबरी कडी दुसरीकडे, नटबोल्ट तिसरीकडे. लेखापरीक्षणास ती सोयीची असेल, दुरुस्तीस नाही. मार्क दोनचा सिलेंडर एकदा वर आला म्हणजे त्यातील झिजणारे सर्वच भाग त्याच वेळी बदलणे शहाणपणाचे असते. वॉशरची किंमत किरकोळ. गाडी, इंधन आणि चार-पाच माणसांचा दिवस यांची किंमत मोठी. एक जुनी रबरी कडी वाचविण्यासाठी महिन्याभरात दुसरी खेप करणे ही काटकसर नव्हे. तेव्हा कप वॉशरची जोडी, रबरी कड्या व झडपांची बैठक हे एका कामाचे एक पुडके बांधून ठेवावे. वरच्या डोक्याच्या दुरुस्तीचे, म्हणजे बेअरिंग, आस, साखळी व तिचा बोल्ट यांचे, पुडके वेगळे. नळ, दांड्या व सिलेंडर तालुक्याच्या ठिकाणी असावेत. पाण्याची टाकी, तिपायी बैठक हे क्वचित लागणारे जड भाग जिल्ह्याला असले तरी चालते.

हत्यारांचाही हिशेब याच भांडारात हवा. नळ अडकवून धरणारा शिकंजा, नळ उचलण्याचे पाने, दांडी धरण्याचा शेगडा, आटे पाडण्याची डाय, आस काढण्याचा पंच, बेअरिंग बसविण्याचे साधन, यांतील एक जरी नसले तरी पुडक्यातील भाग निरुपयोगी ठरतात. हातोड्याने ठोकून बसविलेले बेअरिंग फार दिवस टिकत नाही, हे कोणताही अनुभवी मेस्त्री सांगेल.

साठवणुकीतील निष्काळजीपणा तर डोळ्यांस दिसतही नाही. चामडी वॉशर उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत वाळून कडक होतात व चिरतात. रबरी वॉशर उन्हाने खराब होतात. बेअरिंगचे वेष्टन बसविण्याच्या वेळीच फोडावे, साखळीस वंगण लावून ठेवावी, नळांचे आटे झाकलेले असावेत. जुना माल आधी बाहेर पडेल अशी मांडणी असली की पुष्कळसे नुकसान टळते. खरेदी करताना मानकाचे गुणचिन्ह पाहणे जरुरीचे आहे, कारण बाजारात चार पैसे स्वस्त मिळणारा वॉशर अर्धा मिलिमीटर कमी भरला तरी पाणी खाली गळते, आणि दोष मात्र विहिरीच्या माथी मारला जातो.

किती साठा ठेवावा? येथे अनेक ठिकाणी मागील वर्षाच्या मागणीपत्राची नक्कल केली जाते. समजा, एखाद्या तालुक्यात ३०० पंप आहेत. प्रत्येकी दोन याप्रमाणे एकदा बदलावयाचे तर ६०० कप वॉशर लागतील. तिपायी बैठका मात्र वर्षभरात दोन-तीनही लागणार नाहीत. दोहोंची मागणी सारख्याच शेकड्याने वाढविली तर एकाचा दुष्काळ आणि दुसऱ्याचा गंज ठरलेला. खरा आकडा दुरुस्तीच्या नोंदवहीतच मिळतो. ती वही पंपवार असावी: पंपाचा प्रकार, बसविल्याचे वर्ष, किती नळ सोडले आहेत, कोणता भाग केव्हा बदलला. एकाच पंपाचे वॉशर वर्षात तीनदा गेले असतील तर त्या विहिरीत बहुधा वाळू येत आहे. तेथे वॉशर पाठवीत राहण्याऐवजी विहिरीची तपासणी करावी लागते. बदललेला जुना भाग परत जमा करून घेण्याची प्रथाही याच नोंदीची साक्षीदार आहे.

ग्रामपंचायतीच्या कामाचा आरंभ याहून साधा आहे. आपल्या हद्दीतील प्रत्येक पंपाला क्रमांक रंगवून घेणे, आणि पंप बंद पडल्याचे कळविताना तो क्रमांक, पंपाचा प्रकार व बिघाडाचे लक्षण सांगणे. दांडा हलका झाला आहे की जड, पाणी थोडे येते की मुळीच नाही, टाकीतून खडखड ऐकू येते काय, हे गावातील शाळेचा विद्यार्थीही पाहून सांगू शकतो. दांडा अगदी हलका झाला असेल तर खालची दांडी निसटली असण्याचा संभव असतो. दोन-चार हिसक्यांनंतर पाणी येत असेल, तर तळाच्या झडपेतून ते परत उतरत असते. एवढे कळले की पथक निघण्यापूर्वीच योग्य पुडके गाडीत चढते. ही तपासणी व मागणी मात्र जानेवारी-फेब्रुवारीतच व्हावयास हवी. एप्रिलमध्ये सर्वच गावांचे निरोप एकदम येतात आणि गाडी एकच असते.