नेतृत्व घडते जबाबदारीतून
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित युवक मेळाव्यातील भाषण)



पन्नास वर्षांच्या या वाटचालीत ज्यांनी तन-मन-धनाने योगदान दिले, त्या सर्वांना प्रथम वंदन करतो. सुवर्णमहोत्सव हा कृतार्थतेचा क्षण आहे. तसाच पुढील धुरा कोणाच्या खांद्यावर द्यायची, हे ठरविण्याचाही क्षण आहे. 'तरुण पिढी समाजकार्यात रस घेत नाही', अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. अनेकांतवाद मानणाऱ्या आपण त्या तक्रारीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात दहा जीवनकौशल्ये सांगितली. स्वतःची जाणीव, समानुभूती, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, निर्णय घेणे, समस्या सोडविणे, प्रभावी संवाद, परस्परसंबंध, भावनांना सामोरे जाणे आणि ताणतणाव हाताळणे ही ती दहा कौशल्ये. ही यादी वाचताना मला आपली पाठशाळा आठवली. आपल्या चुकांकडे मागे वळून पाहायला प्रतिक्रमण शिकविते. मन स्थिर ठेवण्याचा अभ्यास सामायिकात होतो. दुसऱ्याच्या म्हणण्यातही सत्याचा अंश असतो, हे अनेकांत सांगतो आणि तुटलेले संबंध पुन्हा जोडण्याचे बळ उत्तम क्षमा देते. मात्र हे शब्द मुखोद्गत असणे आणि ते अंगी बाणणे यांत मोठे अंतर आहे. विहिरीच्या काठावर बसून कोणी पोहायला शिकत नाही.

माझाच अनुभव सांगतो. अनेक वर्षे मी पाठशाळेच्या मुलांची निवासी शिबिरे घेतली. प्रत्येक निर्णय मी घ्यायचो. तरुणांच्या वाट्याला सतरंज्या घालणे आणि खुर्च्या उचलणे एवढेच यायचे. ते हळूहळू येईनासे झाले, तेव्हा मीही त्यांनाच दोष दिला. पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत संपूर्ण शिबिर त्यांच्याकडे सोपविले. भोजनव्यवस्था वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाकडे होती. दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताला जेमतेम पाऊण तास उरला, तरी निम्म्या चपात्याही झालेल्या नव्हत्या. ज्येष्ठ मंडळी संतापून उठली. मी हात जोडून त्यांना थांबविले. खरे सांगायचे तर माझाही धीर सुटत चालला होता.

त्या मुलाने मित्रांना बोलावले. लहान मुलांना आधी पंगतीत बसविले, चपात्या त्यांच्यासाठी राखल्या, मोठ्यांना भात-आमटी वाढली. कार्यकर्ते स्वतः मात्र उपाशी राहिले. रात्रीच्या सभेत तो उभा राहून म्हणाला, "चूक माझी आहे. वेळ कोणीतरी स्वयंपाक्यांना सांगितली असेल, असे मी गृहीत धरले." दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या भिंतीवर वेळापत्रक लागले. प्रतिक्रमणाचा अर्थ त्या रात्री मला नव्याने उमगला. मी मध्ये पडलो असतो तर जेवण कदाचित वेळेवर झाले असते. पण तो मुलगा घडला नसता. आज त्या शिबिराचा सगळा कारभार तोच सांभाळतो.

आपल्याच इतिहासात याहून मोठा धडा आहे. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या धुरिणांनी शिक्षणाचे महत्त्व ओळखले. गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कुंभोज येथे १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकले. अस्पृश्यतेचे बंधन त्यांनी मानले नाही आणि त्यापायी त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. त्याच भाऊरावांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. तेथील मुले श्रम करून शिकली. आज कर्मवीरांचे नाव आपण अभिमानाने घेतो. तो अभिमान बाळगताना एक प्रश्न स्वतःला विचारू या : प्रश्न विचारणारा असा एखादा तरुण आज आपल्या सभेत उभा राहिला, तर आपण त्याला बसायला जागा देऊ, की दार दाखवू?

म्हणून विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. वर्षातील किमान एक उपक्रम, त्याच्या निधीसह, पूर्णपणे तरुणांच्या हाती द्यावा. त्यात मुलींचा वाटा निम्मा असावा. तोही स्वागतगीतापुरता नव्हे, तर निर्णयात आणि हिशेबात. जमाखर्च त्यांनीच सर्वांसमोर वाचावा. आणि चूक झाली, तर काम काढून घेऊ नये.

तरुण मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणे आहे. अधिकार मागताना हिशेबाची वहीही मागून घ्या. ज्येष्ठांचा अनुभव हे ओझे नव्हे, ती शिदोरी आहे.

या संस्थेचा शतकमहोत्सव आमच्यापैकी अनेकांना पाहता येणार नाही. तो साजरा करणारे हात आज या सभागृहात आहेत. त्या हातांत आजच काम देऊ या, एवढीच प्रार्थना करून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र!