काळजी अंगात कशी उतरते

मंडळी, वाटेत मारका बैल आडवा आला तर काय होतं? छाती धडधडते. तोंडाला कोरड पडते. पायांत बळ येतं. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर एकेक लहानशी ग्रंथी आहे. भय वाटलं की ती रक्तात एक रस सोडते. त्याचीच ही करामत. पचनाचं काम तेवढ्यापुरतं मंदावतं. पळायच्या वेळी भाकरी कोण पचवणार! बैल गेला की घटकाभरात सारं शांत होतं.

कर्जाची काळजी मात्र अशी निघून जात नाही. ती रात्री उशाशी बसते. झोप उडते, भूक मरते, डोकं ठणकतं, रक्ताचा दाब वाढतो. माणूस म्हणतो, "मला बाहेरचं झालंय," आणि अंगारा लावतो. बायकोलाही मनातलं सांगत नाही. पुरुषांची ही खोड फार वाईट.

प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. दाब मोजून घ्या. नुसतं पोट दाखवून परतू नका. झोप येत नाही, हेही डॉक्टरांना सांगा. जीव नकोसा झाला तर १४४१६ हा नंबर लावा. सरकारने २०२२ साली ही सोय केली. रात्री-अपरात्रीही फोन उचलतात, मराठीत बोलतात. पैसे पडत नाहीत.