भरल्या गव्हाणीतील अन्नपाननिरोध
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. बंध, वध, छविच्छेद आणि अतिभारारोपण हे चार डोळ्यांना दिसतात. पाचवा, अन्नपाननिरोध, गव्हाण भरलेली असतानाही घडू शकतो, एवढेच मला पशुवैद्यक या नात्याने सांगावयाचे आहे.

पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरीला पांजरपोळ आहे, पुढे चाकणला शनिवारचा जनावरांचा बाजार. या पट्ट्यात कारखाने आले, नांगराची जागा ट्रॅक्टरने घेतली, संकरित गाईंचे गोठे वाढले. गोऱ्ह्याला मात्र कोणी विचारीना. १९७६ च्या कायद्याने राज्यात गाय-वासराला अभय दिले, २०१५ च्या दुरुस्तीने वळू आणि बैलांनाही. कायद्याने जीव वाचतो, पोट भरत नाही. दूध अकाली तोडलेले गोऱ्हे मग जीवदयेच्या दारी येते आणि आपण त्याच्यापुढे कडबा टाकतो.

तो त्याला पचतच नाही. जन्मतः वासराच्या पोटाचा चौथा कप्पाच कामाचा असतो. कोठीपोट घडते ते मक्याचा भरडा, पेंड अशा खुराकाने. तो आंबून होणाऱ्या आम्लांनी त्याचे अस्तर वाढते. ‘ब’ गटातील जीवनसत्त्वे तयार करणारे सूक्ष्मजीव तेथे रुजेपर्यंत ती दुधातूनच मिळावी लागतात. म्हणून वासरू सलग तीन दिवस किलोभर खुराक खाईपर्यंत त्याचे दूध तोडू नये.

वाळल्या कडब्यात ‘अ’ जीवनसत्त्वासाठी लागणारे कॅरोटीन फारसे उरत नाही, स्फुरदही तुटपुंजे. मग वासरू भिंती चाटते, माती खाते. आणि आपल्या औद्योगिक गावांत मातीबरोबर प्लॅस्टिक आलेच! तांबे कमी पडले की केसांचा रंग उतरतो, जस्त कमी पडले की कातडी खरबरीत होते. आधी जंतांचे औषध, मग रोज सुमारे २० ग्रॅम क्षार मिश्रण खुराकात कालवून द्यावे. मोठ्या जनावराची मात्रा वासराला देऊ नये. जादा तांबे यकृतात साठून घात करते.

“यात हाडांचा चुरा नाही ना?” ही शंका अनेक विश्वस्त घेतात. ती रास्त आहे. मिश्रणातील डायकॅल्शियम फॉस्फेट हाडांपासूनही बनते, खडकातील फॉस्फेटपासूनही. पुरवठादाराकडून तसे लेखी घ्यावे. खडकाचे असल्यास फ्लोरीन काढल्याचेही विचारावे, अन्यथा दात आणि हाडे बिघडतात. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या भुकटीला बहुधा जिलेटिनचे आवरण असते. ते नको असेल तर हिरवा लसूणघास द्यावा, आणि ‘ड’ साठी गोठ्यात ऊन येऊ द्यावे. परंतु शंकेपोटी पिशवी परत पाठवून पर्याय न शोधणे, याला मी सोवळे म्हणेन, जीवदया म्हणणार नाही.

देणगीच्या पावतीवर बहुतेक ठिकाणी ‘चारा’ हा एकच रकाना असतो. त्याशेजारी ‘वासरांचा खुराक व क्षार मिश्रण’ असा दुसरा रकाना या वर्षापासून छापावा, अशी विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे.