पाऊण किलो तांबं आणि तीन कंडेन्सर

मी हैदराबादचा, काचीगुड्यात वाढलो. बाबांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत मी लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचो. गोष्ट २००४च्या मे महिन्यातली आहे.

मशीन होतं अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+. दुपारी रेंडर लावलं की अर्ध्या तासात बंद. प्रोसेसर ६८ अंशांवर. एका लग्नाची सीडी आठवडाभर रखडली आणि मुलीचे वडील आगाऊ दिलेले पैसे परत मागायला दुकानात आले. बाबांसमोर. म्हणून मी झाल्मनचा तांब्याचा, फुलासारख्या पात्यांचा मोठा कूलर आणला. वजन ७७३ ग्रॅम. एएमडीने या सॉकेटला मर्यादा सांगितली होती ३०० ग्रॅमची! त्यामुळे हा कूलर सॉकेटच्या कडांना अडकवत नाहीत, बोर्डाच्या चार भोकांतून स्क्रूने धरतात.

माझ्या बोर्डाला ती भोकं होती. नसतील तर ड्रिल हातात घेऊ नका, बरं का. मदरबोर्डाच्या आतल्या थरांतूनही तांब्याच्या वाटा गेलेल्या असतात, त्या वरून दिसत नाहीत.

कूलर ठेवला, तर तो टेकेचना. तीन उंच कपॅसिटर पात्यांना आडवे येत होते. त्या प्रोसेसरवर धातूचं झाकण नसतं. उघडी चकती असते, तिरकं दाबलं तर कोपरा उडतो. बाबांना हाक मारली.

बाबांनी चष्मा वर केला. “काय रे, हे कंडेन्सर फुगलेत दिसत नाही तुला?” ते शेवटपर्यंत कंडेन्सरच म्हणायचे. खरंच, तिघांचीही डोकी वर आली होती. मी महिनाभर पंख्याकडे बघत होतो.

काढायचेच होते. पण टीव्हीच्या बोर्डावर चालणारी बाबांची २५ वॉटची सोल्डरिंग आयर्न इथे हरली. ऋण पाय आतल्या तांब्याच्या अख्ख्या थराला जोडलेला असतो, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो. ६० वॉटची आणली, तरी माझा धीर सुटला आणि सोल्डर पुरतं वितळायच्या आधीच एक पाय ओढला. भोकाच्या आतला मुलामा पायाबरोबर बाहेर आला. माझा चेहराच उतरला. बोर्ड गेला असंच वाटलं.

बाबा मीटर घेऊन बसले. हे सगळे कपॅसिटर समांतर जोडलेले होते, म्हणजे शेजाऱ्याचा धन पाय तोच याचाही धन. जाड तारेचा छोटासा तुकडा शेजारच्या पायाला जोडला आणि काम झालं.

नवे कोटीत शोधले, पण साधेच मिळाले. इथे लो ईएसआर, १०५ अंशांचेच लागतात. प्रोसेसरचा वीजपुरवठा सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतो, साधा कपॅसिटर त्यात स्वतःच तापतो. शेवटी मावसभावाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पाठवले. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. बोर्डामागे लावायचा माझा विचार होता, पण बोर्ड आणि पत्र्यामधली जागा सहा-सात मिलिमीटरची, कपॅसिटर दहाचा जाड. मग पुढेच, पात्यांच्या बाहेर आडवे झोपवले. पाय लांबले की कपॅसिटरचा उपयोग घटतो, म्हणून दीड सेंटिमीटरच्या पुढे जाऊ दिले नाहीत, आणि त्यांवर स्लीव्ह चढवली. कपॅसिटरवरचा पट्टा म्हणजे ऋण बाजू, पण बोर्डावरची छपाई कंपनीप्रमाणे उलटीही असते. आम्ही काढण्याआधीच कागदावर चित्र काढून ठेवलं होतं.

मी नवा कूलर उचलला, तर बाबा म्हणाले, “थांब. आधी जुनाच लाव.”

“बाबा, अडीच हजारांचा आहे हा!”

“दोन औषधं एकदम दिलीस, तर कुठलं लागू पडलं कसं कळणार?”

जुना लावला. तीच दुपार, तेच रेंडर, तेच ६८ अंश. तीन तास मशीन हललं नाही. म्हणजे दोष कपॅसिटरचा होता, अडीच हजार मी पंख्याला दिले होते. संध्याकाळी सीडी घेऊन मुलीच्या घरी गेलो. तिच्या वडिलांनी उरलेले पैसे दिले, चहा मात्र विचारला नाही.

मोठा कूलर नंतर बसवलाच. प्रोसेसर ५४ अंशांवर आला आणि त्याचा वारा खालच्या कपॅसिटरांनाही लागू लागला. घर बदललं तेव्हा तो कॅबिनेट मी मांडीवर आडवा ठेवून रिक्षातून नेला. उभा ठेवून खड्ड्यांतून नेला असता, तर पाऊण किलो तांबं त्या चार भोकांना लोंबकळलं असतं.